मेल परत आला, पण गुन्हा शेजाऱ्याचा : ईमेलच्या काळ्या यादीत नेमकं काय चालतं?

गेल्या महिन्यात मामेभावाचा फोन आला. तो इचलकरंजीत यंत्रमागाचे सुटे भाग विकतो. सुरतेच्या एका गिऱ्हाईकाला त्याने मेलवर कोटेशन पाठवलं होतं. तीन दिवस उत्तर नाही. चौथ्या दिवशी त्यानेच फोन केला तर समोरचा म्हणाला, "तुमचं कोटेशन आलंच नाही, आम्ही दुसरीकडे ऑर्डर दिली." मग भावाने इनबॉक्स नीट पाहिला. मेल पाठवल्यानंतर मिनिटभरातच एक लांबलचक इंग्रजी मेल येऊन पडला होता. त्याला वाटलं होतं, हाच कसलातरी स्पॅम असणार. त्यात लिहिलं होतं की तुमच्या सर्व्हरचा आयपी ॲड्रेस ब्लॉकलिस्टवर आहे, म्हणून मेल नाकारला.

"अरे, मी आयुष्यात कुणाला फालतू मेल केला नाही. मी स्पॅमर कसा झालो?"

तो झालाच नव्हता. त्याची वेबसाइट आणि मेल स्वस्तातल्या शेअर्ड होस्टिंगवर आहे. म्हणजे एकाच सर्व्हरवर शेकडो लोकांच्या साइट आणि सगळ्यांचा मेल एकाच आयपीवरून बाहेर जातो. त्यातल्या कुणाची तरी अपडेट न केलेली साइट हॅक झाली आणि तिच्यातून स्पॅम सुटला. यादीत नाव गेलं ते आयपीचं, म्हणजे सगळ्यांचंच. एका फ्लॅटमध्ये चोर सापडला म्हणून अख्ख्या बिल्डिंगला डिलिव्हरी बंद, असा हा प्रकार.

या याद्या काही नव्या नाहीत. १९९७ मध्ये पॉल विक्सी या अमेरिकन इंजिनिअरने स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची पहिली अशी यादी चालवली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्डने लंडनमध्ये स्पॅमहाउस सुरू केलं. आज जगात सगळ्यात जास्त दबदबा असलेल्या याद्यांमध्ये स्पॅमहाउसच्या याद्या येतात.

यादी तपासायची युक्ती मात्र भारी आहे. तुमचा मेल दारात आला की घेणारा सर्व्हर तुमचा आयपी उलटा लिहितो. समजा तो २०३.०.११३.४५ आहे, तर ४५.११३.०.२०३. त्यापुढे यादीचं डोमेन जोडून तो एक साधी डीएनएस चौकशी करतो, वेबसाइट उघडताना ब्राउझर करतो तशीच. उत्तर आलं १२७.०.०.२ किंवा तसंच काही, तर समजायचं की नाव यादीत आहे. काहीच सापडलं नाही तर जा पुढे. सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. यादीवाला तुमचा मेल अडवत नाही. तो फक्त मत देतो, अडवायचं की नाही हे घेणारा सर्व्हर ठरवतो. म्हणूनच तोच मेल जीमेलवर पोचतो आणि एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवरून परत येतो. कधी तर चूक पूर्णपणे घेणाऱ्याची असते. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक डीएनएसमधून स्पॅमहाउसच्या मोफत यादीला विचारलं, तर ते उत्तराऐवजी एक एरर कोड देतात. सर्व्हर नीट सेट केलेला नसेल तर तो त्या कोडचा अर्थ "यादीत आहे" असा लावतो आणि येणारा प्रत्येक मेल हाकलून देतो. पाठवणारा बिचारा आपल्या बाजूला चूक शोधत बसतो.

आता मोबाइलवाल्यांच्या कामाचं. "माझा आयपी ब्लॅकलिस्ट आहे का?" असं तपासणाऱ्या बऱ्याच साइट आहेत. फोनवरून त्या उघडल्या की लाल खुणा दिसतात आणि पोटात गोळा येतो. घाबरू नका. स्पॅमहाउसची पीबीएल नावाची एक यादी आहे. घरगुती आणि मोबाइल इंटरनेटचे पत्ते तिच्यात मुद्दाम घातलेले असतात, कारण अशा पत्त्यांवरून थेट दुसऱ्याच्या मेल सर्व्हरला मेल जाणं अपेक्षितच नसतं. तिच्यात असणं हा आरोप नाही. शिवाय मोबाइल कंपन्या एकच आयपीव्ही४ पत्ता अनेक ग्राहकांमध्ये वाटतात, त्यामुळे तो तुमचा एकट्याचा नसतोच. आणि जीमेल ॲपमधून पाठवलेला मेल गूगलच्या सर्व्हरवरून निघतो, तुमच्या फोनच्या आयपीवरून नाही. म्हणजे त्या लाल खुणांचा तुमच्या मेलशी काडीचा संबंध नाही. "पैसे द्या, यादीतून काढून देतो" म्हणणारा कुणी भेटला तर सरळ निघा. स्पॅमहाउस नाव काढायचे पैसे घेत नाही.

खरा बदल गेल्या दोन-तीन वर्षांत झालाय. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्या डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही हवेत. लहान पाठवणाऱ्यांनाही पहिल्या दोनपैकी एक हवंच. एसपीएफ म्हणजे या डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरवरून येऊ शकतो याची जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. डीमार्क सांगतं की हे दोन्ही जुळलं नाही तर मेलचं काय करायचं. वर स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवायच्या, म्हणजे हजार मेलमागे तीन जणांनी 'स्पॅम' दाबलं की तुम्ही धोक्यात. ५ मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टने आउटलुक आणि हॉटमेलसाठी असेच नियम लावले. नोव्हेंबर २०२५ पासून जीमेलने नियम न पाळणाऱ्यांवरची कारवाई आणखी वाढवली.

नियम चांगले आहेत, मी स्वतः त्यांच्या बाजूचा आहे. पण एक खटकतं. सार्वजनिक यादी निदान तपासता येते. या मोठ्या कंपन्या आतल्या आत तुमच्या डोमेनला जी पत देतात, ती लहान पाठवणाऱ्याला जवळपास दिसतच नाही. आणि दाद मागायची कुणाकडे? एसएमएसच्या बाबतीत आपल्याकडे ट्रायचे नियम आहेत, कंपन्यांना डीएलटीवर हेडरची नोंदणी करावी लागते. ईमेलला असा कुणी वाली नाही. कोर्टात जाऊन काय होतं त्याचंही उदाहरण आहे. ई३६० नावाच्या अमेरिकन मार्केटिंग कंपनीने स्पॅमहाउसवर दावा ठोकला. स्पॅमहाउसने खटला लढवायचंच सोडून दिलं, म्हणून २००६ मध्ये सुमारे १ कोटी १७ लाख डॉलर भरपाईचा निकाल लागला. अपिलं होत होत २०११ मध्ये ती रक्कम उरली ३ डॉलर, कारण नुकसान किती झालं हे कंपनीला सिद्धच करता आलं नाही.

भावासाठी मी काय केलं? आधी तो बाउन्स मेल पूर्ण वाचला. त्यात ५५० किंवा ५५४ ने सुरू होणारी ओळ शोधायची, तिथेच कारण असतं. आयपी किंवा ब्लॉकलिस्टचा उल्लेख असेल तर भांडण होस्टिंगवाल्याशी आहे, कारण आयपी त्याचा आहे. ५.७.२६ किंवा ५.७.५१५ दिसलं तर तुमच्या डोमेनच्या सेटिंग अपुऱ्या आहेत, त्या तुम्हालाच भराव्या लागतील. ही ओळ न वाचता तोच मेल दहा वेळा पाठवण्यात अर्थ नाही.

होस्टिंगच्या सपोर्टने आधी "आमच्याकडून सगळं ठीक आहे" असं ऐकवलं. बाउन्सचा स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा महागडा प्लॅन सुचवला. चार दिवस मागे लागल्यावर कबूल केलं की सर्व्हरवर एक साइट हॅक झाली होती, आणि मग त्याचा मेल दुसऱ्या आयपीवर हलवला. तोवर तो त्याच्या जीमेलवरून काम चालवत होता. त्याच्या डोमेनला डीकेआयएम नव्हतंच, तेही एका संध्याकाळी लावून टाकलं.

आता मेल जातात. सुरतेची ऑर्डर गेली ती गेलीच. कोटेशन पाठवलं की तो लगेच व्हॉट्सॲपवर विचारतो, "मेल मिळाला का?" हसू येतं, पण खरं सांगायचं तर माझ्याकडेही यापेक्षा भरवशाचा उपाय नाहीये.