करवंदाला त्याच्याच नावाने बाजार हवा

केकवरची लालभडक 'चेरी' पुष्कळदा चेरी नसतेच, ते करवंद असते. कच्ची करवंदे बिया काढून मिठाच्या पाण्यात मुरवायची, त्यांचा चीक आणि मूळ चव घालवायची, वरून कृत्रिम रंग देऊन पाकात शिजवायची, अशी ही प्रक्रिया. म्हणजे हे फळ कारखान्यात पोचते ते स्वतःचे सारे गुण गमावून. वास्तविक करवंदाचे मोल त्या गुणांतच आहे. त्यावरची प्रक्रिया जंगलालगतच्या गावांत, तोडणाऱ्यांच्याच हातून झाली, तर त्या मोलाचा पैसाही त्यांच्याकडे राहील.

पिकलेल्या करवंदाला काळा-जांभळा रंग अँथोसायनिनमुळे येतो. त्यात क जीवनसत्त्व आहे आणि पेक्टिन भरपूर. लोहाबद्दल मात्र जपून बोलायला हवे. शंभर ग्रॅममागे 39 मिलिग्रॅम हा नेहमी सांगितला जाणारा आकडा वाळवलेल्या करवंदांचा आहे. ताज्या फळात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे तेवढे लोह त्यातून मिळणार नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांना करवंद औषध म्हणून विकणे ही फसवणूक ठरेल. पण बाजरीची भाकरी आणि उसळीसोबत ताजी करवंदे खाल्ली, तर क जीवनसत्त्वामुळे त्या जेवणातले लोह अंगी लागायला मदत होते. एवढा खरा दावा पुरेसा आहे.

अडचण आहे ती फळाच्या नाजूकपणाची. एप्रिल-मेमध्ये पिकलेली करवंदे दोन-तीन दिवसांत मऊ पडतात. म्हणून पाटी घेऊन रस्त्याकडेला बसलेल्या कातकरी किंवा ठाकर बाईला संध्याकाळी मिळेल त्या भावात माल द्यावा लागतो. गावातच गर काढून साठवता आला, तर ही घाई टळेल. आंबटपणा आणि पेक्टिन मुळातच असल्याने करवंदाची जेली सहज जमते. जॅम-जेलीत साखरच फार, हा आक्षेप रास्त आहे; शिवाय उष्णतेने क जीवनसत्त्वही घटते. त्यामुळे अशा पदार्थांवर आरोग्याचे दावे नकोत, ते चवीवर विकावेत. जोडीला लोणचे आणि कोकमाच्या आगळासारखा मीठ घातलेला अर्क यांवर भर द्यावा. कोकणाने कोकम कोकम म्हणूनच विकून दाखवले आहे.

मागणी वाढली की करवंदीच्या जाळ्या ओरबाडल्या जातील, ही भीतीही खरी आहे. त्यावरचा उपाय कायद्यात आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपज गोळा करण्याचा, त्यावर प्रक्रिया करण्याचा आणि ते विकण्याचा हक्क वननिवासींना दिला; सामूहिक वनाच्या व्यवस्थापनाचे अधिकारही दिले. तोडणी कधी सुरू करायची, पाखरांसाठी आणि बीजासाठी किती राखायचे, हे ग्रामसभेने ठरवावे. वाढीव गरज बांधावरच्या लागवडीतून भागवावी. काटेरी करवंद उत्तम कुंपण होते आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण बोल्ड' हे मोठ्या फळाचे वाणही दिले आहे. 2018 पासूनच्या वनधन योजनेत वनोपज गोळा करणाऱ्यांच्या गटांना प्रक्रियेसाठी मदतीची तरतूद आहे. त्यातून गर काढण्याचे यंत्र, शीतपेटी आणि अन्न परवाना हंगामाआधी गावात पोचला पाहिजे. हंगाम संपल्यावर आलेली मदत त्या वर्षाच्या पिकाला निरुपयोगी असते.