तिकिटांची अदलाबदल

छंद एकट्याने जोपासता येतो. संग्रह मात्र एकट्याने वाढत नाही. टपाल तिकिटे जमविणाऱ्या प्रत्येकाजवळ काही तिकिटे दोन-दोन, तीन-तीन असतात आणि नेमके हवे असते ते दुसऱ्याच्या वहीत असते. म्हणून अदलाबदल ही या छंदाइतकीच जुनी आहे. आमच्या लहानपणी ती शाळेच्या मधल्या सुट्टीत किंवा घराच्या ओसरीवर चाले. दोन वह्या समोरासमोर उघडल्या जात, थोडी घासाघीस होई, क्वचित भांडण होई आणि संध्याकाळपर्यंत मिटेही. परगावच्या माणसाशी देवघेव करावयाची तर पत्र लिहावे लागे, उत्तराची वाट पाहावी लागे. त्या वाट पाहण्यात विचार करावयास पुरेसा अवधी मिळे. आज हैदराबादचा संग्राहक इंदूरच्या संग्राहकाशी मोबाइलवरील एखाद्या गटात पाच मिनिटांत व्यवहार ठरवून मोकळा होतो. सोय फार मोठी झाली. तो अवधी मात्र हरवला. त्याची किंमत आमच्या घरी कशी मोजावी लागली, ते आज सांगावयाचे आहे.

आमच्या घरी जुन्या पत्रांची एक पत्र्याची पेटी आहे. तीत माझ्या आजीला तिच्या भावाने महेश्वरहून इंदूरला पाठविलेले एक पाकीट होते. त्यावर होळकर संस्थानचे, यशवंतराव महाराजांचे चित्र असलेले तिकीट आणि अर्धा तिकिटावर, अर्धा पाकिटावर उमटलेला टपालाचा शिक्का. गेल्या दोन वर्षांत माझ्या तेरा वर्षांच्या नातवाला तिकिटांचा नाद लागला. मला कौतुक वाटले. मी त्याला चिमटा, भिंग आणि एक नवी वही आणून दिली. पेटीही त्याच्यासमोर उघडली. एवढे केले आणि पुढचे सांगावयाचे राहून गेले.

एके दिवशी त्याने मोठ्या आनंदाने मला चाळीस तिकिटे दाखविली. मोठाली, गुळगुळीत, रंगीबेरंगी. कोणावर वाघ, कोणावर अंतराळवीर, कोणावर फुलपाखरू. बदल्यात काय दिलेस, असे विचारले तेव्हा कळले की महेश्वरच्या पाकिटाचा कोपरा कात्रीने कापून, पाण्यात भिजवून, ते ‘लहानसे, मळके’ तिकीट सोडविले गेले होते आणि चार दिवसांपूर्वी दक्षिणेतील एका गृहस्थांकडे रवानाही झाले होते. एका मळक्याच्या बदल्यात चाळीस! त्याच्या हिशेबाने तो जिंकला होता.

मी ती चाळीस तिकिटे उलटी करून पाहिली. प्रत्येकावर शिक्का होता आणि प्रत्येकाच्या पाठीवर डिंकही शाबूत होता. जे तिकीट खरोखर पत्रावर चिकटून टपालातून गेले, त्याच्या पाठीचा डिंक कोठून राहणार? ही तिकिटे अजमान, फुजैरा, उम्म-अल-कुवैन या आखाती अमिरातींच्या नावाने १९६० च्या दशकात आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी संग्राहकांना विकण्यासाठीच भरमसाट छापली गेली. त्यांतील पुष्कळांवर शिक्काही छापखान्यातच उमटविलेला असे. पाश्चात्त्य संग्राहक त्यांना थट्टेने ‘वाळूच्या टेकड्या’ म्हणतात. दिसावयास ती सुरेख आहेत आणि मुलाने त्यांवरून प्राणी-पक्षी ओळखावयास शिकावे हेही चांगलेच. पण बाजारात त्यांना मोल फारसे नाही.

तरीही हे ध्यानात घेतले पाहिजे की त्या गृहस्थांनी फसविले नव्हते. कबूल केलेली चाळीसच्या चाळीस तिकिटे त्यांनी वेळेवर पाठविली होती. त्यांना मुलाचे वय ठाऊक नव्हते, पाकिटाची हकीकत ठाऊक नव्हती. फसवणूक नसतानाही नुकसान होऊ शकते, ही गोष्ट मला त्या दिवशी उमगली. आपण ‘सुरक्षित व्यवहार’ म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर फक्त लबाड माणूस असतो. परंतु सावधगिरीची पहिली पायरी समोरच्याला ओळखण्याची नसून, आपल्या हातात काय आहे ते ओळखण्याची आहे.

आपल्या घरांना तर हे विशेष लागू पडते. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील जुन्या मराठी कुटुंबांच्या पेट्यांत संस्थानी तिकिटे अजून निघतात. हैदराबाद संस्थानचे पहिले तिकीट १८६९ चे, होळकर संस्थानचे १८८६ चे. ही तिकिटे त्या त्या संस्थानाच्या हद्दीतच चालत. ग्वाल्हेरची गोष्ट निराळी. तेथे १८८५ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्याच तिकिटांवर नागरी व इंग्रजी अक्षरांत संस्थानचे नाव छापून ती वापरीत आणि ती हद्दीबाहेरही चालत. १९५० मध्ये या संस्थानी तिकिटांचे युग संपले. बडोदे संस्थानाने टपालाची स्वतःची तिकिटे काढली नव्हती. तेथील जी मिळतात ती कोर्ट-फी वा महसुलाची. तेव्हा कोणी बडोद्याचे ‘पोस्टाचे’ तिकीट देऊ करील तर जरा थांबावे. ग्वाल्हेरच्या बाबतीतही थांबावे. कारण साध्या, स्वस्त तिकिटावर मागाहून अक्षरे छापणे लबाडाला अवघड नसते. तीच गोष्ट महात्माजींच्या १९४८ च्या दहा रुपयांच्या तिकिटाची. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेली ती चार तिकिटांची मालिका स्वित्झर्लंडमधील कूर्व्हाझिए यांच्या छापखान्यात छापली गेली. तिच्यातील दहा रुपयांच्या तिकिटाच्या नकला पुष्कळ आहेत. असे तिकीट कोणी चटकन बदलून द्यावयास तयार झाला, तर आनंदाआधी भिंग हाती घ्यावे आणि जाणत्याला दाखवावे.

शिवाय, जुने तिकीट पाकिटावर असेल तर ते पाकिटासकटच ठेवावे. कोठून निघाले, कोठे पोहोचले, किती दिवस लागले, हे सारे शिक्के सांगतात. कात्री चालविली की तो पुरावा गेला. आणि घरातील ज्या वस्तूची दुसरी प्रत जगात नाही, ती अदलाबदलीच्या ढिगात मुळी घालूच नये. तिची वही वेगळी, आणि त्या वहीवर मुलांना वाचता येईल अशा अक्षरांत तसे लिहिलेले असावे. माझी खरी चूक हीच होती.

आता समोरच्या माणसाविषयी. अनोळखी संग्राहकाशी प्रथम देवघेव करताना तिकिटांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे मागवावीत आणि त्यांच्याशेजारी त्याच्या हाताने लिहिलेली नाव-तारखेची चिठ्ठी ठेवावयास सांगावे. दुसऱ्याचे चित्र उचलून आपले म्हणून दाखविणाऱ्याला ही चिठ्ठी जमत नाही. यापूर्वी ज्यांच्याशी व्यवहार झाला अशा दोघांची नावे विचारावीत आणि त्यांना खरोखरच विचारावे. याचा सज्जनास राग येत नाही. उलट, तो आपल्यालाही तेच विचारतो. पहिली अदलाबदल लहान असावी; बुडाली तरी मनाला लागणार नाही एवढीच.

जे ठरले ते लिहून काढावे. कोणती तिकिटे, किती, कोरी की वापरलेली, दाते पूर्ण आहेत की नाहीत, कोठे घडी वा डाग आहे काय. किमतीची तुलना करावयाची तर दोघांनी एकाच सूचीची एकाच वर्षाची आवृत्ती धरावी. एकाने जुनी व दुसऱ्याने नवी धरली की मने बिघडतात. आपल्या तिकिटातील दोष आपणच आधी सांगावा. ही केवळ नीती नव्हे, व्यवहारही आहे. ज्याने आपला दोष स्वतः सांगितला त्याच्या बाकीच्या शब्दांवर विश्वास बसतो.

पाठविताना तिकिटे पारदर्शक ग्लासिन कागदाच्या पाकिटात घालून, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवावीत. चिकटपट्टी तिकिटाला लागू देऊ नये. दोघांनी एकाच दिवशी टपालात टाकून पावतीवरील क्रमांक एकमेकांस कळवावेत, म्हणजे ‘आधी कोणी पाठवावे’ हा वाद उरत नाही. २०२५ साली रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. आता स्पीड पोस्टालाच नोंदणीची जोड घेता येते. चार रुपये जास्त पडतील, पण साध्या पाकिटाचा माग लागत नाही. आलेले पाकीट उघडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवावे. काही कमी निघाले तर शब्दाला पुरावा राहतो.

देवघेवीत पैशाचा फरक द्यावयाचा असेल तर एक गोष्ट घरातील सर्वांनी पाठ करावी: पैसे घेण्यासाठी आपला गुप्त पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘हा चौकोन स्कॅन करा, पैसे येतील’ असे कोणी सांगितले की ते येणार नसून जाणार आहेत, असे समजावे. जुन्या नाण्यानोटांना लाखो रुपये देऊ आणि त्यासाठी आधी शुल्क भरा, अशा भूलथापांविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता. तिच्या नावाने असे शुल्क मागणारा कोणीही खरा नसतो. चुकून पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. तेथे वेळेला महत्त्व असते.

परदेशी अदलाबदलीत तिकिटांबरोबर जुनी नाणीही पाठविण्याचा मोह होतो. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे ही पुरावस्तू ठरते आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही. आजोबांच्या पेटीतील होळकरी वा शिंदेशाही नाणे अमेरिकेतील भाच्याला कौतुकाने पाठविणेही त्यात येते. इतर जुन्या वस्तूंबद्दलही आधी चौकशी करावी.

मुलांसाठी थोडे अधिक. व्यवहार मुलाचा असला तरी नाव, पत्ता आणि फोन घरातील वडीलधाऱ्याचा असावा आणि समोरच्यास ते स्पष्ट सांगावे. संग्रहाची छायाचित्रे टाकताना घर, शाळेचा गणवेश, दारावरची पाटी त्यांत येऊ नये. कोणी तिकिटांखेरीज मुलाची, घराची चौकशी करू लागला, किंवा ‘घरी सांगू नकोस’ म्हणाला, तर संवाद तेथेच थांबवावा. मुलास रागावू मात्र नये. रागावलेले मूल पुढच्या वेळी आपल्याला सांगत नाही.

माझ्या नातवालाही मी रागावलो नाही. खरे म्हणजे रागावण्याचा अधिकार मला नव्हता. आम्ही दोघांनी मिळून त्या गृहस्थांना पत्र लिहिले. त्यांना दोष दिला नाही. घडले ते सांगितले, पाकीट कोणाचे ते सांगितले, आणि चाळीस तिकिटे परत पाठवितो, आमचे एक परत कराल काय, असे विचारले. व्यवहार पुरा झाला होता. नाही म्हणावयाचा त्यांना पूर्ण हक्क होता. नवव्या दिवशी दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलेले ते तिकीट आले. सोबतच्या चिठ्ठीत त्यांनी लिहिले होते की मुलाशी देवघेव होत आहे हे आपण विचारावयास हवे होते, ती चूक आपली. चाळिसांपैकी फुलपाखरांची सहा त्यांनी नातवालाच ठेवून घ्यावयास सांगितली होती.

आम्ही ते तिकीट पाकिटाच्या कापलेल्या कोपऱ्याशी धरून पाहिले. शिक्क्याचे दोन्ही अर्ध जुळत नाहीत. मधली कागदाची पट्टी भिजून गेली ती गेलीच. ‘महेश्वर’मधले एक अक्षर आता कोठेही नाही. नातू बराच वेळ पाहत राहिला. मग त्याने एका कागदावर घडले ते तारखेसह लिहिले आणि तो कागद, पाकीट व तिकीट एकत्र एका वेगळ्या वहीत ठेवले.

त्या गृहस्थांशी आमची अदलाबदल आजही चालू आहे. प्रत्येक वेळी यादी होते, छायाचित्रे जातात, पावतीचे क्रमांक कळविले जातात. इतकी ओळख झाल्यावर हे सोपस्कार कशाला, असे नातवाने एकदा विचारले. मी म्हणालो, ओळख टिकून राहावी म्हणूनच.