पायलटची रात्रपाळी

परवा मेसमध्ये वरणभात खाता खाता माझ्या रूममेटने जाहीर केलं, "इंजिनिअरिंग सोडतो बे मी. पायलट बनतो." तो वडस्याचा. त्याचे मामा गोंदियाकडचे. तिथे बिरसीहून उडणारी ट्रेनिंगची छोटी विमानं बघत त्याच्या सुट्ट्या गेल्या. टेबलावर सगळे हसले. मी हसलो नाही. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये 'मोठेपणी कोण होणार' या इंग्रजी निबंधात दरवर्षी अर्धा वर्ग पायलट व्हायचा, त्यात मीही होतो. मराठीत या विषयावर पहिल्यांदाच लिहितोय, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांना विमान तसं लांबच. मोरव्याला धावपट्टी आहे, पण तिकीट काढून बसायचं तर जिल्ह्याबाहेरच जावं लागतं. म्हणून पायलट म्हटलं की डोळ्यासमोर येतो तो पांढरा शर्ट, खांद्यावरच्या पट्ट्या आणि लाखांतला पगार. दुरून डोंगर साजरे! जवळ गेलं की आधी खर्च दिसतो. लायसन्ससाठी २०० तासांचं उड्डाण, त्याला पन्नास लाखांच्या आसपास रुपये, टाइप रेटिंगचे वेगळे. दरवर्षी मेडिकल, त्यात नापास झाला की पायलट घरी. आणि कंपनीच बुडाली तर? २०१९ मध्ये जेट बंद पडली, २०२३ मध्ये गो फर्स्ट.

पण मला जास्त भीती वाटते ती ड्यूटीची. माझे बाबा कोळसा खाणीत डंपर चालवतात. रात्रपाळी करून ते झोपले की आई आम्हाला टीव्ही लावू देत नाही. बाबा म्हणतात, "रात्री तीन ते पाच डोळे उघडे असतात, पण माणूस जागा असतोच असं नाही." पायलटही शेवटी पाळीचाच माणूस. फक्त त्याच्या मागे दीडशे-दोनशे माणसं बसलेली असतात.

७ ऑगस्ट २०२० ची कोझिकोडची दुर्घटना आठवा. कोरोनाच्या काळात दुबईहून आपल्या लोकांना घेऊन येणारं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान भर पावसात धावपट्टी ओलांडून खाली कोसळलं. १९० पैकी २१ जण गेले, त्यात दोन्ही पायलट. कॅप्टन दीपक साठे यांचे आईवडील नागपूरला राहणारे. स्वतः ते एअर फोर्सचे माजी विंग कमांडर आणि टेस्ट पायलट, म्हणजे अनुभवाची कमी नव्हती. चौकशी अहवालाने चूक पायलटचीच धरली. वारा मागून असताना विमान उतरवलं, चाकं टेकली तोवर जवळपास अर्धी धावपट्टी संपली होती, आणि सहवैमानिकाने 'गो अराउंड' म्हणूनही विमान परत वर नेलं नाही. पण तोच अहवाल पुढे आणखी एक गोष्ट सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कोझिकोडहून निघणाऱ्या विमानाची ड्यूटी त्यांच्याच नावावर होती. दुसरीकडे उतरले असते, तर विश्रांतीच्या नियमामुळे ती हुकली असती. तिथेच परत उतरायची ओढ त्या निर्णयामागे होती, असं अहवाल म्हणतो.

मग चूक फक्त एका माणसाची, की एक माणूस कमी पडला तर गाडं अडेल अशा रोस्टरचीही? माझ्या मते दोन्ही, पण आपण पहिलीच मोजतो. दहा टन लोड येणार म्हणून बरोबर दहा टनांचंच डिझाइन केलं, तर आपले सर पेपर तोंडावर फेकतील. फॅक्टर ऑफ सेफ्टी बीमला असतो, मग माणसांना का नको?

डीजीसीएने २०२४ मध्ये नियम कडक केले. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास, रात्रीची लँडिंग सहावरून दोन. २०२५ मध्ये हे टप्प्याटप्प्याने लागू झाले आणि डिसेंबरमध्ये इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. का? नव्या नियमांना पुरतील एवढे पायलट नव्हते. इतक्या आधी सांगूनही! शेवटी कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट मिळाली. म्हणजे गणित जुळेना तेव्हा कात्री लागली ती झोपेलाच.

कोणी म्हणेल, एवढा पगार घेतात, मग झोपेचं एवढं कौतुक कशाला? पण पगार वाढला म्हणून पहाटे चारला डोळा लागायचा राहत नाही. आणि आपणही धुतल्या तांदळासारखे नाही. तिकीट स्वस्त हवं, विमान वेळेवर हवं, आणि उशीर झाला की शिव्या पायलटला.

रूममेटला मी एवढंच म्हटलं, "हो बाबा पायलट. पण 'मी आज थकलोय, आज उडवणार नाही' हे कॅप्टन झाल्यावरही म्हणता आलं पाहिजे. जी कंपनी हे ऐकून घेईल, तिथेच जा."

तो ताट घेऊन उठला. म्हणाला, "अन् तू उद्या प्लांटवर लागला, तं तू म्हणशील का बे असं?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येतं का, बघा.