तिसऱ्या सामन्यातला निकाल

युरोपातली खेळाडूंची उन्हाळी खरेदी मुंबई सिटी या फुटबॉल क्लबच्या चाहत्याच्या वाट्याला भर पावसात येते. अंधेरीचं मैदान चिंब, खेळाडू सुटीवर आणि बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतच्या फोनांवर एकच चौकशी : कोण आलं? नाव कळलं की यूट्यूबवर त्याचे सगळे गोल पाहून होतात. तिथे कुणाचाच पास चुकत नसल्यामुळे संध्याकाळपर्यंत इंडियन सुपर लीगची शील्ड आपलीच झालेली असते.

या आशेत वावगं काही नाही, पण तिची मुदत फार तोकडी. तिसऱ्या सामन्यापर्यंत नव्या फॉरेनरने गोल केला नाही, की आझाद नगर मेट्रो स्टेशनचा जिना चढेपर्यंत त्याचा निकाल लागलेला असतो : पैसे पाण्यात!

क्लबचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो. २०१४ साली फ्रेडी लुंगबर्ग आणि निकोलस अनेल्का आले. आठ संघांत मुंबई सातवी आली. पुढच्या वर्षी अनेल्का खेळाडू आणि प्रशिक्षकही झाला, तरी बाद फेरी लांबच राहिली. २०१६ मध्ये दिएगो फोर्लान आला, संघ साखळीत पहिला आला आणि उपांत्य फेरीत कोलकात्याकडून हरला. नावं मोठी होती, पण करंडक आला नाही.

तो आला २०२०-२१ मध्ये. प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा, अहमद जाहू, मुर्तादा फॉल, ह्युगो बुमू आणि मंदार राव देसाई हे सगळे एफसी गोवामध्ये एकत्र मुरलेले होते. अंधेरीने खेळाडूंबरोबर त्यांची एकमेकांची सवयही विकत घेतली. म्हणजे धीर गोव्याने धरला आणि फळ मुंबईने खाल्लं! त्याच हंगामात साखळीत पहिलं येणाऱ्याची शील्ड आणि अंतिम सामना जिंकणाऱ्याचा करंडक दोन्ही आले.

त्या अंतिम सामन्यात नव्वदाव्या मिनिटाला मोहन बागानवर विजयी गोल कुणी केला? २०१८ साली गाजावाजा न होता आलेल्या मणिपूरच्या बिपिन सिंगने. पहिल्या दोन हंगामांत त्याच्या नावावर सांगण्यासारखं फारसं नव्हतं. तिसऱ्या सामन्यात निकाल लावणाऱ्यांचं ऐकलं असतं तर तो गोल झालाच नसता. ४ मे २०२४ रोजी सॉल्ट लेकवर मोहन बागानविरुद्धच अंतिम सामना १-१ अशा बरोबरीत असताना मुंबईला पुढे नेणारा गोलही त्याचाच. ‘साइनिंग’ म्हणून मिरवावं असं खरं नाव हे, आणि ते फळायला दोन वर्षं लागली.

तेव्हा नव्या खेळाडूकडून आशा ठेवायची ती दुसऱ्या हंगामाची. पण त्यासाठी दुसरा हंगाम असावा लागतो. करंडक जिंकलेल्या २०२४ च्या उन्हाळ्यातच त्या संघातला अपुइया मोहन बागानला गेला, राहुल भेके आणि परेरा दियाझ बेंगळुरूला. २०२५ च्या उन्हाळ्यात बिपिनही ईस्ट बंगालला गेला. त्याच जुलैमध्ये भारतीय फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्या कराराचा घोळ न मिटल्याने लीगच स्थगित झाली. एरवी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होणारी स्पर्धा डिसेंबर उजाडला तरी सुरू नव्हती, आणि त्याच डिसेंबरात क्लबची मोठी मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबईतून अंग काढून घेतलं. ज्या लीगला पुढच्या महिन्याचा भरवसा नाही, तिथे मुरायला कोण येणार आणि आला तरी थांबणार किती?

घाटकोपरहून मेट्रोने येणारा चाहता तिकीट काढतो, गळा सुकेपर्यंत ओरडतो. त्याला धीर धरायला सांगणाऱ्यांनी आधी आपला वाटा उचलावा. क्लबने जुन्या माणसांना टिकवावं, महासंघाने हंगामाच्या तारखा नव्या करारांच्या आधी जाहीर कराव्यात. एवढं करा, नव्या विंगरला शिव्या घालायच्या की नाही, ते आम्ही दहाव्या सामन्यानंतर ठरवू.