अक्षरे हरवू नयेत म्हणून



गेल्या महिन्यात घाटकोपरच्या एका वसाहतीतील मंडळाच्या वाचनालयात आम्हाला बोलावणे आले होते. मंडळाला स्वतःची वेबसाईट काढायची आहे. तिच्यावर वाचनालयाच्या पुस्तकांची यादी, जयंतीचे कार्यक्रम आणि मंडळाने १९९८ साली काढलेली स्मरणिका घालायची आहे. या स्मरणिकेत वस्तीतल्या जुन्या माणसांच्या आठवणी आहेत. कोण कुठल्या गावाहून आले, गिरणीत लागले की गोदीत, वस्तीत पहिला नळ कधी आला, हे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. सांगणाऱ्यांपैकी बरेच जण आज हयात नाहीत. छापील प्रती २६ जुलै २००५ च्या पुरात भिजल्या. दोनच उरल्या आणि त्यांतलीही मधली पाने गेली. "पण काळजी नको, सगळा मजकूर सीडीवर आहे," असे चिटणीस सांगत होते.

सीडी लावली. फाईल उघडली. पडद्यावर काय दिसले? डॉलरची खूण, टक्क्याची खूण, कंस, इंग्रजी अक्षरे, पुन्हा कंस. वेबसाईटचे काम करणारी मुलगी बारावी झालेली, संगणकाचा कोर्स केलेली. ती म्हणाली, "काका, हे इंग्रजीही नाही आणि मराठीही नाही." चिटणीस गप्प झाले. ज्या दुकानात मजकूर टाईप केला होता ते दुकान केव्हाच बंद झालेले.

असे प्रसंग अनेक मंडळांत, शाळांत, घरांत घडत आहेत, म्हणून आज या विषयावर लिहीत आहोत. विषय थोडा तांत्रिक वाटेल, पण समजायला कठीण नाही.

फॉन्ट म्हणजे अक्षरांचा संच. पूर्वी छापखान्यात शिशाचे खिळे असत. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला. तिथल्या देवनागरी खिळ्यांचे वळण सर्वत्र नावाजले गेले. खिळे जुळवणारा कामगार पेटीतून एकेक खिळा उचलून ओळ तयार करी. इंग्रजीला थोड्या खिळ्यांत भागते. मराठीला काना, मात्रा, वेलांटी, रफार, जोडाक्षरे धरून शेकडो लागत.

मग संगणक आला. त्या काळच्या पद्धतीत एका फॉन्टमध्ये जेमतेम २५६ जागा असत आणि त्या इंग्रजीसाठी ठरलेल्या असत. आपल्या लोकांनी युक्ती काढली. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवले. म्हणजे संगणक मनात इंग्रजी अक्षरच धरून ठेवतो, पण पडद्यावर आणि कागदावर 'क' दिसतो. काम तर झाले. श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टांवर हजारो पत्रिका, स्मरणिका, साप्ताहिके निघाली. पण प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. एकीचा 'क' ज्या जागी, तिथे दुसरीचा 'म'. तो विशिष्ट फॉन्ट संगणकात नसेल तर मराठीचा मुखवटा गळून पडतो आणि खालची इंग्रजी खुणांची गर्दी उघडी पडते. आमच्या मंडळाच्या सीडीचे हेच झाले होते.

सुरुवातीच्या मराठी वेबसाईटचीही हीच रड होती. वाचकाला आधी फॉन्ट उतरवून आपल्या संगणकात बसवावा लागे, मग बातमी वाचता येई. सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून बसणाऱ्याला ते कसे परवडणार?

यावर तोडगा निघाला तो युनिकोडचा. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला स्वतःच्या १२८ जागा मिळाल्या. आता 'क' चा क्रमांक जगभर एकच. फॉन्ट कोणताही असो, तो 'क' च राहतो. विंडोज २००० मध्ये 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट आला. तो रेखाटणारे प्रा. र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीत अक्षररचना शिकवत आणि नंतर जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात काम करीत. २००८ साली ते वारले. म्हणजे हे मोठे काम आपल्या उपनगरांतच झाले, हे मुलांना जरूर सांगावे. त्याच २००८ साली 'ॲ' या मराठीला हव्या असलेल्या अक्षरालाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. आपल्या वस्तीतल्या वकिलांच्या पाटीवरचा 'ॲड.' त्यामुळे सुखाने लिहिता येऊ लागला.

आता मुलीचा दुसरा प्रश्न. "वेबसाईटवर आपल्याला आवडेल तो फॉन्ट लावता येतो का?" येतो. आज वाचकाला काही उतरवावे लागत नाही. फॉन्टची फाईल वेबसाईटच्या सोबत ठेवायची, पान उघडले की ती आपोआप वाचकाच्या फोनवर येते. त्यासाठी आम्ही तिला सांगितलेल्या गोष्टी इथे देतो. आपल्या घरातल्या मुलांनाही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट म्हणजे परवानगी. दुकानातल्या संगणकावरून उचललेला फॉन्ट वेबसाईटवर टाकू नये. विकतच्या फॉन्टला छपाईची परवानगी वेगळी आणि वेबसाईटची वेगळी असते. फॉन्ट रेखाटणे हे महिनोन्महिन्यांचे कष्टाचे काम आहे आणि श्रमाचे मोल आपण कष्टकऱ्यांनी तरी ओळखले पाहिजे. पैसे नसतील तर मुक्त परवान्याचे फॉन्ट आहेत. ते फुकट वापरता येतात, वेबसाईटवर ठेवता येतात. मुंबईच्या 'एक टाईप' संस्थेचा 'मुक्त' हा असाच फॉन्ट. गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांनी तो रेखाटला. त्यात बारीकपासून जाडपर्यंत सात वजने आहेत. त्याच संस्थेचा 'बलू' हा गुबगुबीत फॉन्ट मथळ्यांना शोभतो.

दुसरे, फाईल हलकी हवी. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्ट इंग्रजीपेक्षा जड असतो. सातही वजने लावली तर वाचकाच्या फोनचा डेटा फुकट जाईल. साधे आणि ठळक, अशी दोनच घ्यावीत. फाईल 'वॉफ टू' या प्रकारातली घ्यावी. ती वेबसाईटसाठीच दाबून लहान केलेली असते.

तिसरे, वेबसाईटच्या सजावटीच्या फाईलमध्ये, जिला सीएसएस म्हणतात, तिथे फॉन्टचे नाव आणि फाईलचा पत्ता लिहायचा. नावापुढे दुसऱ्या एखाद्या साध्या फॉन्टची सोय ठेवायची. फॉन्ट येईपर्यंत मजकूर फोनमधल्या फॉन्टमध्ये दिसत राहावा, अशीही सूचना देता येते. नेटवर्क मंद असले तर वाचकासमोर कोरे पान राहू नये.

चौथे, पानाची भाषा मराठी आहे हे संगणकाला सांगायचे. पुष्कळ जण हे विसरतात. मराठी 'ल' आणि 'श' यांचे वळण हिंदीपेक्षा वेगळे आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवून दिली. काही फॉन्टांत दोन्ही वळणे असतात. भाषा मराठी असे सांगितले तर मराठी वळण दिसते, नाही तर हिंदीचे.

पाचवे, ओळींमध्ये जागा सोडावी. आपल्या अक्षरांना वर मात्रा, खाली उकार. ओळी दाटल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. पण अक्षरांमध्ये मात्र जागा वाढवू नये. शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

सहावे, चाचणी. 'बुद्ध', 'द्वंद्व', 'ऱ्हस्व', 'वऱ्हाड', 'ॲड.', 'किर्र' असे शब्द लिहून पाहावेत. 'बुद्ध' मधला 'द' पाय मोडून वेगळा पडत असेल तर तो फॉन्ट आपल्या कामाचा नाही.

आणखी एक सांगणे. सुंदर अक्षर हवे म्हणून बरेच जण सगळा मजकूर चित्रात करून टाकतात. जयंतीच्या पत्रिकेला ते ठीक. पण वेबसाईटवर चित्रातला मजकूर शोधून सापडत नाही. अंध बांधवांना फोन मोठ्याने वाचून दाखवतो, तो चित्रापाशी मुका होतो. फॉन्ट लावला तर अक्षर सुंदर दिसते आणि मजकूर मजकूरच राहतो.

आता सीडीचे काय झाले ते सांगतो. मजकुराच्या फाईलमध्ये त्यावेळच्या फॉन्टचे नाव नोंदलेले राहते. मुलीने ते शोधून काढले. त्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर उतरवण्याची साधने मिळतात. मजकूर उतरला, पण चुकांसकट. रफार भलत्याच अक्षरावर, वेलांट्या पुढेमागे. 'कर्जत' चे 'कजत' झालेले. मग दोघादोघांनी बसून वाचायचे ठरले. एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने दुरुस्त करायचे. उरलेली छापील पाने ताडून पाहायला होतीच. रात्रपाळी नसलेले लोक आठ दिवस संध्याकाळी येत होते.

पाचव्या दिवशी छापील प्रतीतून गेलेली मधली पाने वाचायला आली. शेजारच्या एक आजी भाजी निवडत दारात बसल्या होत्या. मुलगी वाचत होती, गोदीतल्या एका माणसाची आठवण. पगाराच्या दिवशी तो मुलीसाठी पाटी घेऊन आला, पेन्सिल घ्यायला पैसे उरले नाहीत, म्हणून कोळशाने तिला पहिले अक्षर काढून दिले, असा तो मजकूर. आजी म्हणाल्या, "थांब गं. ते माझे बाबा. परत वाच." मुलीने परत वाचले.

बाबासाहेबांचा 'मूकनायक' ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, 'बहिष्कृत भारत' ३ एप्रिल १९२७ रोजी. शंभर वर्षांपूर्वीचा तो कागद आजही कोणीही हातात घेऊन वाचू शकतो. त्याला कुठला फॉन्ट लागत नाही. आणि आपली पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची स्मरणिका संगणकात असून वाचता येत नव्हती. यात संगणकाचा दोष काढून भागणार नाही. आपणच मजकूर कुलुपात ठेवला आणि किल्ली दुकानदाराकडे राहिली.

म्हणून आमची विनंती आहे. आपल्या मंडळाच्या, महिला बचत गटाच्या, घरातल्या शाहिरांच्या वहीच्या जुन्या फाईली असतील तर या महिन्यातच उघडून पाहा. नुसती चिन्हे दिसली तर फाईल पुसू नका, मजकूर तिच्यात आहे. फॉन्टचे नाव कागदावर लिहून ठेवा. मजकूर युनिकोडमध्ये उतरवा, दोघांनी मिळून वाचा, आणि तीन ठिकाणी प्रती ठेवा. एक छापील प्रत वाचनालयात जरूर असू द्या, पण पुराचे पाणी पोचणार नाही अशा वरच्या फळीवर.

मुलीने मथळ्यासाठी कोणता फॉन्ट निवडला? तिने दोन-तीन फॉन्ट आजींना फोनवर दाखवले. आजींनी चष्मा लावून पाहिले आणि ज्यातला 'ल' बाबांच्या पाटीवरच्या 'ल' सारखा वाटला, तो निवडला.