एका अंगाला झुकलेली पिकअप

कांद्याचा हंगाम भरात आला की लासलगाव-पिंपळगावच्या रस्त्यांवर पिकअपच्या रांगा लागतात आणि त्यांत एखादी तरी गाडी एका अंगाला झुकलेली दिसते. मालकाला ते ठाऊक असतं. ‘जुनी गाडी आहे, चालायचंच,’ म्हणून तो तशीच हाकतो, नाहीतर बसलेल्या बाजूला एक जादा पाटा टाकून मोकळा होतो. पिकअपवर पोट असलेल्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की यातलं काहीच करू नका. गाडी का झुकली ते आधी शोधा, खर्चाचं मग बघू.

शोधायला फारसं काही लागत नाही. गाडी रिकामी करा. टायर एकाच मापाचे आहेत ना, डाव्या-उजव्या चाकात हवा सारखी आहे ना, हे बघा. जागा सपाट हवी, आणि त्यात डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. गवंड्याकडची लेव्हलची नळी घंटाभर मागून आणा. मग टेप लावा. पुढे चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत, मागे हौसिंगपासून चॅसीपर्यंत. चारही मापं लिहून ठेवा. डिझेलची टाकी, बॅटरी यांचं वजन एकाच बाजूला असतं, त्यामुळे सेंटिमीटरभर फरक असला तर घाबरायचं कारण नाही. दोन-तीन सेंटिमीटर असेल तर मात्र पुढे चला.

खरी गफलत इथे होते. मागचा डावा पाटा बसला की चॅसी अख्खी डावीकडे कलते आणि पुढची डावी बाजूही खाली येते. मग दोष पुढे आहे असं वाटतं आणि पुढचं काम काढलं जातं. म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे लावा, कारण मागची चाकं उचलल्यावर हँडब्रेकचा उपयोग नाही. मग मागच्या डिफरन्शियलच्या मधोमध जॅक लावून चाकं जमिनीपासून जरा उचला. आता पुढचा कल गेला तर दोष मागे आहे. तसाच राहिला तर पुढे. जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, हातभर डोकावायलासुद्धा नाही.

या टप्प्यावर ‘शॉकअप बदला’ म्हणणारे हमखास भेटतील. शॉकअप गाडीची उसळी आवरतो. वजन पेलतात ते पाटे, कॉइल स्प्रिंग नाहीतर टॉर्शन बार. झुकलेल्या गाडीला नवे शॉकअप म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

दोष मागे निघाला तर पाट्यांचा थर तारेच्या ब्रशने घासून स्वच्छ करा. पाटा बहुधा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो आणि ती जागा यू-बोल्टच्या पट्टीखाली झाकलेली असते, म्हणून वरवर बघून तो शाबूत वाटतो. गंजाची बारीक रेघ दिसली तर थर खोलायला लावा. शॅकलचा बुश जाम झाला असेल तरी गाडी बसते, आणि ते काम स्वस्तातलं असतं. आपले रस्ते डाव्या कडेला उतरते, त्यातून समोरच्याला वाट देताना डावी चाकंच साइडपट्टीवर उतरतात. डावे पाटे आधी थकतात याचं मला नवल वाटत नाही. चॅसी सरळ आणि फक्त केबिन तिरकी असेल, तर केबिनखालची रबरं दबली आहेत का ते बघा.

एका बाजूला जादा पाटा टाकला की ती बाजू ताठ होते आणि मूळचा तुटका पाटा आत तसाच राहतो. रिकामी गाडी सरळ दिसते, पण माल भरला की दुसरीकडे कलते, वळणावर तर जास्तच. पाटे बदलायचे तर दोन्ही बाजूंचे जोडीने बदला, यू-बोल्ट नवे घाला आणि माल वाहून काही शे किलोमीटर झाले की ते पुन्हा आवळून घ्या. मेन पाट्याला वेल्डिंग तर मुळीच नको. तापल्यावर त्या पोलादाचं पाणी उतरतं आणि तो जोडाशेजारीच तुटतो. आणखी एक, जे गॅरेजातही विसरलं जातं. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या हौसिंगपासून ब्रेकच्या व्हॉल्व्हपर्यंत एक दांडी असते. गाडी किती दबली त्यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या चाकांना ब्रेकचा जोर देतो. पाटे वाढवून गाडी उचलली की त्याला ती रिकामी वाटते आणि भरल्या गाडीचे मागचे ब्रेक कमी लागतात. पाट्यांचं काम झालं की ही दांडी जुळवून घ्या.

क्षमतेपेक्षा जास्त माल भरत असाल तर नवे पाटेही टिकणार नाहीत. शिवाय 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये जादा भाराला 20,000 रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला 2,000 रुपये दंड आहे. गाडी दुरुस्त होईपर्यंत मार्केटची खेप दुसऱ्याच्या गाडीतून पाठवा, भाडं गेलं तरी चालेल. आणि मजुरांना, लग्नाच्या वऱ्हाडाला त्या हौद्यात बसवू नका, गाडी सरळ झाल्यावरही नाही.