यादीचा फोटो

गेल्या माघात गंगाखेड तालुक्यातील एका गावी माझ्या दोन जिवलग मित्रांचा साखरपुडा झाला. नवरा आणि नवरी दोघेही माझे मित्र. 1972 साली स्थापन झालेल्या परभणीच्या कृषी विद्यापीठात आम्ही तिघे एकाच वर्गात होतो. तो पुढे नोकरीच्या नादी न लागता जिंतूरकडच्या आपल्या शेतीत उतरला, तिला बँकेत नोकरी लागली. फोटो मी काढावेत असा दोघांचा हट्ट होता. धंद्याने मी फोटोग्राफर नाही. पण छत्तीस फोटोंचा रोल पुरवून पुरवून वापरायचे दिवस घरात पाहिलेले असल्याने बोट अजूनही जपून दाबतो.

त्या दिवशी सुमारे नऊशे फोटो निघाले. कुंकू, टिळा, ओटी, साखरेचा पुडा, अंगठ्या, केक (हा अलीकडचा विधी), वालूरच्या चक्राकार बारवेत आदल्या आठवड्यात काढलेली दोघांची छायाचित्रे मंडपातल्या पडद्यावर. ही बारव गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केली, हे तेथे मिरवणाऱ्या जोडप्यांपैकी किती जणांना ठाऊक असते कोण जाणे. मात्र जेवणाच्या आधी ओसरीवर दोन्हीकडची वडीलधारी मंडळी ‘याद्या’ करायला बसली, तेव्हा नवरदेवाच्या मामांनी मला हाताने थांबवले. ‘‘आता राहू द्या जरा. ही आपली आपसातली गोष्ट.’’

मराठवाड्यात याद्या म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. सोने किती, कपडे कोणाचे, भांडी कोणती, मंडपाचा खर्च कोणाकडे, हे सारे कागदावर मांडले जाते. लग्न ठरते ते खरे या कागदावर. अंगठ्यांचे चाळीस फोटो निघतात, या कागदाचा एकही नाही. आजवर माझ्या हातून निघालेल्या कुठल्याच साखरपुड्याच्या अल्बममध्ये तो नाही.

गंमत अशी, की यादी करा असे कायदाही सांगतो. 1961 च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने हुंडा घेणे आणि देणे दोन्ही गुन्हे ठरवले. त्याला आता किमान पाच वर्षांची शिक्षा आहे. पण न मागता, रीतीप्रमाणे दिलेल्या भेटी त्यातून वगळल्या आहेत, त्यांची यादी ठेवली तर. त्यासाठी 1985 साली स्वतंत्र नियम झाले. भेट कोणती, अंदाजे किंमत किती, कोणी दिली, त्याचे नाते काय, हे लिहून खाली वधूवरांनी सह्या करायच्या. म्हणजे ओसरीवरची यादी ही कायद्याच्या यादीची सख्खी बहीण. फरक इतकाच, की एकीवर सह्या हव्यात आणि दुसरी लग्न आटोपले की नाहीशी व्हावी अशीच सर्वांची इच्छा. सारी पळवाट ‘खुशीने’ या एका शब्दात आहे. देणारा बाप खुशीने देतो असे म्हणतो, कारण तसे न म्हणावे तर मुलीचे पुढे काय होईल याचे त्याला भय असते.

माझ्या मित्राने काहीही मागितले नव्हते. वास्तविक शेतकरी नवरदेवाने मागण्याचे दिवसच उरलेले नाहीत. डिसेंबर 2022 मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून अविवाहित तरुणांनी जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा, ही त्यांची मागणी होती. तिच्यामागचे आकडे जुनेच आहेत. 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांखालील मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे राज्यात 894 मुली होत्या, आमच्या शेजारच्या बीडमध्ये तर 807. त्या वेळची मुले आता उपवर होऊ लागली आहेत. मुली कमी झाल्या म्हणजे हुंडा आपोआप आटेल, असे आपण भाबडेपणाने समजत होतो. नोकरीवाल्याचा भाव चढला आणि शेतीवाला बाजाराबाहेर गेला, एवढेच झाले. म्हणूनच मामांनी कोणाची तरी पांढरी मोटार मागून आणली होती आणि भाच्याला तिला टेकवून फोटो काढायला सांगत होते.

तरीही सोने लिहिले गेले. मुलीच्या वडिलांनीच आपण होऊन ‘पाच तोळे’ म्हटले. त्यांची जमीन कोरडवाहू, पीक कापूस आणि सोयाबीन. 2025 च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीने त्यातले बरेचसे नेले. त्याच वर्षी सोने तोळ्याला लाखाच्या वर गेले. लांब धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये. लाखाचाच हिशेब धरला तरी एक तोळा म्हणजे बारा क्विंटलांहून अधिक कापूस. एकरी चार-पाच क्विंटल पिकला असे मानले तर पाच तोळ्यांसाठी बारा ते पंधरा एकरांचा सगळा कापूस विकावा लागेल. बियाणे, खत, वेचणी यांचा खर्च यात धरलेलाच नाही. त्यांची जमीन सहा एकर.

2025 च्या उन्हाळ्यात पुण्याकडच्या एका विवाहितेच्या मृत्यूनंतर मराठा समाजाच्या बैठका झाल्या, लग्नासाठी आचारसंहिता आली. पाहुणे मोजके, प्री-वेडिंग नको, डीजे नको. चांगलेच आहे. पण त्यातले जे लोकांना झोंबले, ते सारे दिसणारे होते. ओसरीवरच्या कागदाला डीजेसारखा आवाज नसतो.

तो कागद घडी होऊन मामांच्या खिशात जाणार, तेवढ्यात मैत्रीण आतून आली. हातात शाळकरी वही, रेघा मारून चार रकाने पाडलेले. ‘‘अण्णा, लिहिताच आहात तर यात लिहा. आणि तू फोटो काढ रे.’’

ओसरी गप्प झाली. मामा म्हणाले, ‘‘सोयरीक करताय का कोर्टकचेरी?’’ ते रागावतील हे धरूनच चाललो होतो. पण खरे दुखावले गेले ते अण्णा. ‘‘गावात शोभा करतेस माझी,’’ एवढेच म्हणून ते उठून गोठ्याकडे गेले. आपण काय देतो हे चारचौघांत दिसण्यापेक्षा आपल्याला किती जड जाते हे दिसणे त्यांना नको होते, असे मला वाटले. मित्र त्यांच्यामागे गेला. अर्ध्या तासाने दोघे परतले तेव्हा पाच तोळ्यांचे दोन तोळे झाले होते. तिकडे काय बोलणे झाले ते मला दोघांपैकी कोणीही सांगितलेले नाही.

फोटो मी काढला. चांगला नाही, ओसरीवर उजेड कमी होता, वही थोडी हललेली आहे. वस्तू, देणारा, नाते हे रकाने भरलेले, खाली दोघांच्या सह्या. किमतीचा रकाना कोरा. तो अण्णांनी लिहू दिला नाही. अल्बममध्ये हा फोटो नको, असा त्यांचा निरोप आला, आणि हवाच, असा तिचा. मी तो पाकिटात घालून अल्बमच्या शेवटच्या पानामागे ठेवला आहे. लग्न वैशाखात आहे. वही तिच्याकडे आहे आणि तो रकाना त्या दिवशी भरायचा, असे सध्या ठरले आहे.